ध्वनिशास्त्रातील इंग्रजी संज्ञेचे लॅटिन मूळ कसे शोधावे

ध्वनिशास्त्राचे इंग्रजी पुस्तक उघडले की पहिल्या काही पानांतच फ्रिकेटिव्ह, प्लोझिव्ह, व्हीलर, अल्व्हिओलर, लॅटरल, सिबिलंट असे शब्द समोर येतात आणि वाचणारा बहुधा त्यांच्या व्याख्या पाठ करून पुढे जातो. व्याख्या पाठ केल्याने परीक्षेचे काम भागते, पण शब्द मुकाच राहतो. घर्षक, स्फोटक, दंत्य, तालव्य हे मराठी शब्द ऐकताच काही ना काही डोळ्यांसमोर उभे राहते, कारण घर्षण, स्फोट, दंत आणि टाळू हे शब्द आपल्या नित्य वापरातले आहेत. इंग्रजी संज्ञांमागचे लॅटिन उलगडून पाहिले की त्याही अशाच बोलू लागतात. ते कसे उलगडावे आणि वाटेत कोठे फसगत होते, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

यासाठी लॅटिन भाषा येणे आवश्यक नाही. शब्दाचा पहिला लेखी वापर कोणत्या काळातला आहे हे सांगणारा एखादा ऐतिहासिक इंग्रजी कोश, म्हणजे मुख्यतः ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. एक लॅटिन–इंग्रजी कोश, ज्यासाठी 1879 मध्ये निघालेला लुईस आणि शॉर्ट यांचा कोश आजही उत्तम चालतो. आणि एक वही, एवढे पुरते. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत: शब्द, त्याचे तुकडे, तुकड्यांचा लॅटिनमधील अर्थ आणि शब्द आला ती वाट. चौथा रकाना सर्वांत रुंद ठेवावा. बहुतेक जण तिसऱ्या रकान्यापाशी थांबतात आणि चुका तेथेच होतात, असा माझा अनुभव आहे.

लॅटिन शब्द देवनागरीत लिहिताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अभिजात लॅटिनमधले त आणि द हे आपल्या त आणि द सारखे दंत्य होते आणि सी हे अक्षर नेहमी क असे उच्चारले जाई. म्हणून डेंटल या इंग्रजी शब्दाचे मूळ येथे देन्स असे लिहिले आहे.

शब्द मुळात लॅटिन आहे का

पहिला प्रश्न हाच विचारावा. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या तक्त्यात व्यंजनांची अकरा उच्चारस्थाने दिलेली असतात: बायलेबिअल, लेबिओडेंटल, डेंटल, अल्व्हिओलर, पोस्टअल्व्हिओलर, रेट्रोफ्लेक्स, पॅलटल, व्हीलर, युव्ह्यूलर, फॅरिंजिअल आणि ग्लॉटल. यांतले पहिले नऊ शब्द लॅटिन सामग्रीतून घडले आहेत आणि शेवटचे दोन ग्रीकमधून आले आहेत. म्हणजे ओठांपासून पडजिभेपर्यंत लॅटिन आहे आणि त्याखाली घशात उतरताच ग्रीक सुरू होते. लॅरिंक्स हा स्वरयंत्राचा शब्दही ग्रीकच. फोनेटिक्स हे शास्त्राचे नाव स्वतः ग्रीक आहे, श्वा हे अस्पष्ट मध्य स्वराचे नाव हिब्रूतून आले, ट्रिल इटालियनमधून आला, आणि टॅप व फ्लॅप हे आघाताच्या आवाजाचे अनुकरण करणारे शब्द आहेत. या शब्दांचे लॅटिन धातू शोधण्यात वेळ घालवू नये.

मराठी वाचकाने येथे आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. देन्स या लॅटिन शब्दाची षष्ठी देन्तिस अशी होते, आणि ती पाहताच आपल्याला दन्त आठवतो. आवाज या अर्थाचा लॅटिन शब्द वोक्स पाहिला की वाच् आठवते, आणि नासुस पाहिला की नासिका. हे साम्य खरे आहे, पण ते भावंडांचे साम्य आहे. लॅटिन आणि संस्कृत या दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय पूर्वजापासून निघाल्या, म्हणून त्यांच्यात असे शब्द जोडीने सापडतात. डेंटल हा शब्द संस्कृत दन्त पासून आला असे लिहिले तर भावाला बाप केल्यासारखे होईल. वहीत अशी नोंद करायची असेल तर ती वेगळ्या शाईने, समासात करावी.

मागून सोलत जावे

शब्द लॅटिन आहे हे ठरले की तो शेवटाकडून सोलावा. इंग्रजी संज्ञांच्या शेवटी येणारे प्रत्यय मोजकेच आहेत. सिबिलंट किंवा कॉन्सोनंट यांच्या शेवटचा अंट हा लॅटिनमधील वर्तमानकालवाचक धातुसाधिताचा अवशेष आहे, म्हणजे तो शिट्टीसारखा आवाज करणारा, सोबत वाजणारा असा कर्तृवाचक अर्थ देतो. अफ्रिकेट (च सारखा, स्फोट आणि घर्षण मिळून होणारा ध्वनी) याच्या शेवटचा एट भूतकालवाचक धातुसाधिताकडून येतो. फ्रिकेटिव्हमधला इव्ह हा ईवुस या लॅटिन प्रत्ययाचा वंशज आहे. तो भूतकालवाचक धातुसाधिताच्या अंगाला, म्हणजे प्रत्ययापूर्वीच्या भागाला, लागतो आणि अमुक करण्याचा स्वभाव असलेला, असा अर्थ देतो.

आल आणि आर या जोडीपाशी मात्र जरा थांबले पाहिजे. लेबिअल, डेंटल, नेझल, लॅटरल यांच्या शेवटी ल का, आणि व्हीलर, अल्व्हिओलर, युव्ह्यूलर यांच्या शेवटी र का? दोन्ही प्रत्ययांचा अर्थ एकच आहे: अमक्याचे, अमक्याशी संबंधित. मूळ प्रत्यय आलिस हा होता. पण ज्या अंगाच्या शेवटीच ल आहे त्याला पुन्हा ल असलेला प्रत्यय लावला की एकापाठोपाठ दोन ल येतात, आणि लॅटिन बोलणाऱ्यांनी अशा ठिकाणी दुसऱ्या ल चा र करून आरिस असे रूप वापरले. सोलारिस, स्तेलारिस, पोपुलारिस हे शब्द असेच झाले. अंगातला ल प्रत्ययापासून जरा दूर असला तर हा बदल कधी होतो, कधी होत नाही. मिलितारिस आणि लुनारिस यांत तो झाला, पण लातेरालिस या शब्दात मध्ये र असल्यामुळे आलिस तसाच राहिला. दोन सारखे ध्वनी जवळ आले असता त्यांतला एक बदलण्याच्या या प्रक्रियेला ध्वनिशास्त्रात विषमीभवन म्हणतात. व्हीलर या शब्दाच्या शेवटचा र म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ध्वनिबदलाचा पुरावा आहे, आणि तो ध्वनिशास्त्राच्याच संज्ञेत जपला गेला आहे, ही गोष्ट मला या साऱ्या विषयातली फार मोलाची वाटते.

समोरचा उपसर्ग ओळखावा

उपसर्ग ओळखताना संधीचे नियम जाणणाऱ्या मराठी माणसाला मोठीच सोय आहे. सत् आणि जन मिळून सज्जन होतो, उद् आणि लेख मिळून उल्लेख होतो, तसेच लॅटिनमध्ये आद् या उपसर्गाचे होते. आद् म्हणजे कडे, जवळ, वर. तो फ्रिकारे या धातूपूर्वी आला की द चा फ होतो आणि आफ्रिकारे असे रूप तयार होते. अफ्रिकेटच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन एफ दिसतात, त्यांतला पहिला मुळात डी होता. अप्रॉक्सिमंट (य सारखा, जीभ नुसती जवळ नेऊन होणारा ध्वनी) यातल्या दोन पी पैकी पहिलाही मुळात डीच. ॲस्पिरेट, म्हणजे महाप्राण, या शब्दात तर तो पूर्ण लोप पावला आहे: आद् अधिक स्पिरारे, म्हणजे कशाकडे तरी श्वास सोडणे. इन् चा इम् होतो तो इम्प्लोझिव्ह (हवा आत ओढून केलेला स्फोटक) या शब्दात दिसतो. इंग्रजी स्पेलिंगच्या सुरुवातीला एखादे व्यंजन विनाकारण दुहेरी दिसले की तेथे उपसर्ग लपला आहे का, हे आधी पाहावे.

अंग कोशात शोधावे

आता उरलेला तुकडा घेऊन लॅटिन कोश उघडायचा. येथे नवख्या माणसाला दोन अडचणी येतात. पहिली अशी की लॅटिन कोशात नाम प्रथमेत दिलेले असते, आणि इंग्रजी शब्द बहुधा षष्ठीच्या अंगावरून बनलेला असतो. डेंटलचा देन्त् हा तुकडा थेट शोधला तर तो मिळत नाही. देन्स या नोंदीत शेजारी देन्तिस ही षष्ठी दिलेली असते, तिच्यात तो मिळतो. म्हणून नोंदीतले पहिले रूपच नव्हे, तर दुसरेही वाचावे.

ही सवय नसली की काय होते याचे उत्तम उदाहरण लॅटरल आहे. लॅटिनमध्ये लातुस असे दिसणारे तीन वेगळे शब्द आहेत. एक नाम, अर्थ बाजू, षष्ठी लातेरिस. दुसरे विशेषण, अर्थ रुंद, ज्यावरून लॅटिट्यूड हा शब्द आला. तिसरे, वाहून नेणे या क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित, जे ट्रान्स्लेट आणि रिलेट या शब्दांत शिरले आहे. लॅटरलमध्ये टी नंतर जे ईआर दिसते ते केवळ पहिल्या शब्दाच्या षष्ठीत आहे, म्हणून लॅटरल म्हणजे बाजूचा. अंगातली दोन अक्षरे नीट पाहिली नाहीत तर वहीत रुंद असा अर्थ लिहिला जाईल आणि तो पटण्यासारखाही वाटेल.

दुसरी अडचण क्रियापदांची. आपण धातूचा उल्लेख फ्रिकारे असा करतो, पण लॅटिन कोशात ते फ्रिको या प्रथमपुरुषी रूपाखाली सापडते, आणि त्यापुढे आणखी रूपे दिलेली असतात. फ्रिकोच्या नोंदीत भूतकालवाचक धातुसाधिताची दोन अंगे दिसतात, फ्रिक्त् आणि फ्रिकात्. पहिल्यापासून फ्रिक्शन झाला आणि दुसऱ्यापासून फ्रिकेटिव्ह. दोन्ही इंग्रजी शब्द एकाच क्रियापदाची लेकरे असून त्यांच्यात एक स्वर कमी-जास्त का, हे कोडे त्या एका ओळीत सुटते.

नोंद उघडलीच आहे तर तिच्यातली उदाहरणेही वाचावीत. फ्रिकारे म्हणजे घासणे, चोळणे. रोमन कवी व्हर्जिलने शेतीवरच्या आपल्या काव्यात एक रानडुक्कर दाखवले आहे. ते दात परजते, पायाने जमीन उकरते आणि आपल्या बरगड्या झाडाला घासते, आणि त्या घासण्यासाठी कवीने हेच क्रियापद वापरले आहे. आता स् हा ध्वनी लांबवून म्हणून पाहावा. जीभ आणि हिरडीचा उंचवटा यांच्यामध्ये अगदी अरुंद फट उरते, आणि तिच्यातून निघणारी हवा दोन्ही बाजूंना घासून जाते. खरखरीत सालीला अंग घासणारा तो प्राणी डोळ्यांसमोर ठेवला की फ्रिकेटिव्हची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

अर्थ हाती आला की तो असा तोंडात तपासून पाहावा. लॅटरलसाठी तर एक छान युक्ती आहे. ल् म्हणताना जीभ जेथे टेकते तेथेच ती ठेवावी, आवाज थांबवावा आणि जोराने श्वास आत ओढावा. जिभेच्या कडांना गारवा जाणवतो, मध्यभागी जाणवत नाही. हवा बाजूने जाते, लातेरिसने जे सांगितले होते तेच.

शरीराच्या भागांची नावे मात्र थेट क्रिया सांगत नाहीत, ती उपमा असतात, आणि उपमा कोणी केव्हा दिली हे पाहावे लागते. व्हीलरचे मूळ वेलुम. त्याचे अभिजात लॅटिनमधले अर्थ शीड आणि पडदा. रोममध्ये नाट्यगृहावर सावलीसाठी ताणलेल्या कापडांनाही हाच शब्द होता. मऊ टाळूला पुढे शरीररचनाशास्त्रज्ञांनी टाळूचा पडदा म्हटले आणि त्यातले टाळूचा हे पद गळून नुसता पडदा उरला. युव्ह्यूला म्हणजे छोटे द्राक्ष. ऊवा या द्राक्षाच्या शब्दाला लघुत्ववाचक प्रत्यय लागून तो तयार झाला, आणि ग्रीकमध्येही पडजिभेसाठी द्राक्षघोसाचाच शब्द होता. अल्व्हिओलरचे मूळ आल्वेओलुस, म्हणजे लहानसा पोकळ भाग, आणि तो आल्वेउस या द्रोण किंवा टाकी अशा अर्थाच्या शब्दाचे लघुरूप आहे. येथे अभिप्रेत आहेत दात बसतात ती खोबणी. म्हणून दंतमूलीय हा आपला शब्द त्याचे जवळपास तंतोतंत भाषांतर ठरतो.

चौथा रकाना: वाट

लॅटिनमध्ये शब्द सापडला म्हणजे तो रोमन लोकांनी त्याच अर्थाने वापरला असेल, असे मानू नये. अप्रॉक्सिमंट या संज्ञेचे सगळे तुकडे जुने आहेत. आद् आणि प्रोक्सिमुस, म्हणजे सर्वांत जवळचा. पण संज्ञा म्हणून तो शब्द ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लॅडफोगेड यांनी 1964 मध्ये रूढ केला. सामग्री जुनी आणि घडण नवी, असे बहुतेक ध्वनिशास्त्रीय संज्ञांचे स्वरूप आहे. वहीत या दोन तारखा वेगवेगळ्या लिहाव्यात.

याच्या उलट काही संज्ञा खरोखरच प्राचीन आहेत, पण त्या लॅटिनमध्ये जन्मलेल्या नाहीत. कॉन्सोनंट म्हणजे सोबत वाजणारा. हे ग्रीक व्याकरणकारांच्या सिम्फोनोन या शब्दाचे लॅटिन भाषांतर आहे. ल आणि र यांना लिक्विड म्हणतात, ते ग्रीकमधल्या ओलसर या अर्थाच्या शब्दाचे भाषांतर. व्हॉवेल हा लॅटिन वोकालिसचा वंशज आहे, पण तो जुन्या फ्रेंचमधून इतका झिजून आला की त्यातला क दिसेनासा झाला. अशा शब्दाला मागून सोलण्याची रीत लागू पडत नाही, तेथे ऐतिहासिक कोशाचाच आधार घ्यावा. सेमीव्हॉवेल हा तर अर्थ बदललेला शब्द आहे. आज आपण य आणि व यांना अर्धस्वर म्हणतो, परंतु चौथ्या शतकातल्या दोनातुसच्या लॅटिन व्याकरणात अर्धस्वरांच्या यादीत एफ, एल, एम, एन, आर, एस आणि एक्स ही अक्षरे आहेत. मूळ तेच, शब्द तोच, पण त्याखाली येणारे ध्वनी निराळे.

भाषांतरात चूक झाली तर काय होते याचे उदाहरण आपल्याच वर्णमालेतून निघालेले आहे. ट, ठ, ड, ढ, ण यांना संस्कृत वैयाकरणांनी मूर्धन्य म्हटले. मूर्धा म्हणजे डोके, माथा, आणि येथे तोंडाच्या छताचा उंच भाग. युरोपीय अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकात या शब्दासाठी अनेक व्याकरणांत सेरेब्रल ही संज्ञा वापरली. तिचे लॅटिन मूळ केरेब्रुम, म्हणजे मेंदू. ट म्हणताना मेंदूचे काही विशेष काम असते असे कोणीही म्हणणार नाही. अमेरिकन संस्कृत अभ्यासक विल्यम ड्वाइट व्हिटनी यांनी 1879 च्या आपल्या संस्कृत व्याकरणात हा शब्द टाळून जिभेवरून बनलेला लिंग्वल वापरला. पुढे रेट्रोफ्लेक्स स्थिरावला: रेत्रो म्हणजे मागे आणि फ्लेक्सुस म्हणजे वाकवलेला. ही संज्ञा स्थान सोडून जिभेच्या आकाराकडे बोट दाखवते, आणि मला ती मूर्धन्यपेक्षाही नेमकी वाटते, कारण जिभेचे टोक मागे वळवल्याशिवाय ण नीट निघत नाही हे कोणालाही स्वतःच्या तोंडात पडताळता येते.

एक शब्द पूर्ण सोडवून

प्लोझिव्ह हा शब्द घेऊ. पहिला रकाना भरला. शेवटचा इव्ह काढला की प्लोझ उरते, आणि लॅटिन कोशात त्याच्या जवळपास प्लोदेरे व प्लाउदेरे ही एकाच क्रियापदाची दोन रूपे सापडतात. लॅटिनमध्ये आउ चा ओ होणे हे बोलीत नेहमीचे होते. क्लाउदिउस घराण्यातला प्रसिद्ध लोकनेता आपले नाव क्लोदिउस असे लिहीत असे. प्लाउदेरे म्हणजे टाळ्या वाजवणे, ज्यावरून इंग्रजीत अप्लॉज आला. तिसऱ्या रकान्यात टाळी असे लिहिले, आणि प म्हणताना ओठ टाळीसारखे वाजतात असा खुलासाही लगेच सुचतो.

हा खुलासा चुकीचा आहे, आणि ते चौथा रकाना भरताना कळते. प्लोझिव्ह ही संज्ञा रोमन काळात नव्हती, आणि ती थेट टाळीवरून कोणी बनवलेली नाही. ती एक्सप्लोझिव्ह या शब्दाचा पुढचा भाग छाटून तयार झाली, कारण त्यापूर्वी अशा व्यंजनांना एक्सप्लोझिव्ह म्हणत. म्हणजे मध्ये आणखी एक स्थानक आहे. लॅटिन एक्सप्लोदेरे म्हणजे टाळ्या वाजवून हाकलून देणे. प्रेक्षकांना न आवडलेल्या नटाला रंगमंचावरून घालवण्याची ती रीत होती. इंग्रजीत आल्यावर सोळाव्या-सतराव्या शतकांत एक्सप्लोड याचा अर्थ तिरस्काराने नाकारणे असाच होता, आणि एखाद्या मताचे खंडन झाले या अर्थी तो आजही कधी कधी वापरला जातो. मग जोराने व आवाजासह बाहेर फेकणे असा अर्थ आला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस स्फोट होणे हा. ध्वनिशास्त्राने शब्द उचलला तो या शेवटच्या स्थानकावर. म्हणून प्लोझिव्हमध्ये ध्वनिशास्त्रज्ञांना ऐकू आला तो कोंडलेल्या हवेचा स्फोट. टाळी फार मागे राहिली होती. आपल्या स्फोटक या शब्दानेही नेमके तेच स्थानक पकडले आहे.

या नोंदीखाली मी एक ओळ नेहमी जोडतो. इ.स.पू. 46 मध्ये लिहिलेल्या एका छोट्या तात्त्विक ग्रंथात रोमन वक्ता सिसेरो म्हणतो की नटाचे पाऊल तालाबाहेर जरासे पडले, किंवा ओळ म्हणताना एक अक्षर ऱ्हस्वाचे दीर्घ किंवा दीर्घाचे ऱ्हस्व झाले, तरी प्रेक्षक त्याला शिट्ट्या फुंकून आणि टाळ्या पिटून घालवून देतात. त्याने वापरलेली दोन क्रियापदे शेजारीशेजारी आहेत: एक्ससिबिलारे आणि एक्सप्लोदेरे. पहिल्यातल्या सिबिलारेपासून सिबिलंट आला, दुसऱ्यापासून प्लोझिव्ह.